लोळवत न्यायचा पाण्याचा ड्रम, ४५ लिटर: पाड्यावर चार महिने वापरल्यावरचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

आधीच सांगते, हा ड्रम मी स्वतःसाठी घेतलेला नाही. मी नाशिकला सातपूरमध्ये राहते, आमच्याकडे नळाला पाणी येतं, आणि ज्या दिवशी कमी दाबाने येतं त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर अशी बोंबाबोंब सुरू होते की विचारू नका. ड्रम घेतला आत्यासाठी. आत्या हरसूलच्या बाजूला एका पाड्यावर राहते, त्र्यंबकेश्वर तालुक्यात. घरात आत्या, दादा, वहिनी आणि तीन पोरं, मोठी तेरा वर्षांची, मधली नऊची आणि धाकटा चारचा. विहीर घरापासून सव्वा किलोमीटर. जाताना उतार, भरून येताना चढ, म्हणजे देवाने बरोबर उलटं करून ठेवलंय.

वस्तू काय आहे ते सांगते, कारण फोटोवरून मलाही कळलं नव्हतं. जाड प्लास्टिकचा आडवा गोल ड्रम, दोन्ही बाजूंना मध्यभागी खिट्टी, त्यात लोखंडी दांडा अडकवायचा, आणि रोड रोलरसारखं ढकलत किंवा मागे ओढत न्यायचं. पाणी डोक्यावर नाही, जमिनीवर लोळत येतं. पाड्यावरच्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव गडगड्या ठेवलं, मीपण इथे तेच लिहिते.

डिलिव्हरीपासूनच सुरुवात करते. पाड्याचा पिनकोड टाकला की 'या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही' असं येतं. म्हणजे ज्या गावांसाठी ही वस्तू बनवली तिथेच ती पोचत नाही, आणि जाहिरातीत मात्र हंडा घेतलेल्या बाईचाच फोटो. शेवटी माझ्या पत्त्यावर मागवला, रविवारी दादा बाजाराला आला होता त्याच्याबरोबर जीपच्या टपावर बांधून पाठवला. किंमत तीन हजारांच्या आतबाहेर पडली. महाग आहे, प्लास्टिकचा ड्रम म्हणून बघितलं तर फारच महाग. मानेच्या दुखण्याच्या डॉक्टरांशी तुलना केली तर स्वस्त.

आता वापर. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन, हे शाळेत शिकलो तरी डोक्यावर घेतल्याशिवाय कळत नाही. वहिनी एका खेपेला दोन हंडे आणायची, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर एकावर एक दोन, म्हणजे तीस किलो. मोठी पोरगी कमरेवर कळशी. दिवसाला चार खेपा, उन्हाळ्यात पाच. गडगड्यात तीन हंडे बसतात, त्यामुळे तीन खेपांत घरचं भागतं. जाहिरातीत लिहिलंय की वेळ अर्ध्यावर येतो. नाही येत. अर्धा वेळ चालण्यात जात नाही, विहिरीवर नंबर लावण्यात जातो. एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाला झिरा, म्हणजे कातळातून पाझरणारं पाणी, तेवढा उरतो, पोहरा टाकला की गाळ ढवळतो, मग थांबायचं, पाणी निवळेपर्यंत, परत टाकायचं. ह्या थांबण्याला चाक लावता येत नाही. वहिनीला विचारलं किती वेळ वाचला, तर म्हणाली, "वेळेचं नको विचारू, ताई. रात्री झोप लागते आता, मान अशी वळवता येते." आणि वळवून दाखवली.

युनिसेफने २०१६ साली हिशोब मांडला होता की जगभरातल्या बाया आणि मुली मिळून पाणी आणण्यात रोज २० कोटी तास घालवतात. एवढा मोठा आकडा वाचून मला काहीच वाटलं नव्हतं. त्यातले साडेचार तास ह्या घरातले आहेत हे डोळ्याने बघितल्यावर वाटलं.

लोक विचारतात त्र्यंबकला एवढा पाऊस पडतो मग पाणी कसं नाही. बरोबर प्रश्न आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, येवला-सिन्नरकडे त्या मानाने फारच कमी. पण खाली काळा कातळ, वर उतार, पाणी मुरायला भेगा असतील तेवढंच, बाकी सगळं वाहून जातं. गोदावरी इथेच ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि आपल्या गंगापूर धरणात येते, वैतरणेचं पाणी अडवून मुंबईला जातं, आणि ह्या डोंगरावरची बाई मे महिन्यात वाटीने हंडा भरते. डोंगर उघडे झालेत, हेही आहे. आत्या सांगते तिच्या लग्नाच्या वेळी तो झिरा मार्चपर्यंत वाहता असायचा. झाडं कोणी तोडली म्हणून विचारलं तर गप्प बसते, मग म्हणते, "सगळ्यांनीच. थोडी आम्हीपण. चुलीला काय घालायचं होतं?"

आता तक्रारी, ह्या नीट वाचा घेणार असाल तर.

झाकणाचा वायसर तिसऱ्या आठवड्यात गेला. झाकण घट्ट लावलं तरी प्रत्येक वेढ्याला चूळभर पाणी बाहेर, घरी येईपर्यंत अर्धी कळशी रस्त्याला पाजलेली. हेल्पलाइनला फोन केला तर आधी गाणं, मग एक नंबर दाबा, मग मुलगा म्हणतो मॅडम प्रॉडक्टचा व्हिडिओ पाठवा. पाड्यावर रेंज कुठे आहे, टेकाडावर चढावं लागतं. दादाने टेकाडावर गडगड्या नेऊन व्हिडिओ काढला, मला पाठवला, मी त्यांना पाठवला, अकरा दिवसांनी उत्तर आलं की वायसर वॉरंटीत येत नाही. तोपर्यंत हरसूलच्या पंक्चरवाल्याने सायकलच्या ट्यूबमधून गोल कापून बसवून दिला होता, वीस रुपये, आणि तो आजपर्यंत टिकलाय. तेव्हा पहिल्याच दिवशी जुनी ट्यूब शोधून ठेवा.

दुसरं, ब्रेक नाही. चढावर मध्येच दम घ्यायला थांबलात तर पंचेचाळीस किलो मागे ओढतं. मागून ढकलत असाल तर अंगावर येतं. मधलीच्या पायावर एकदा आला, नख गेलं. आता सगळे चाकाखाली दगड लावतात, एक पोर हातात दगड घेऊन मागे चालतं, तेवढ्यासाठी एक माणूस लागतोच. तिसरं, तोंड बारीक आहे, आत हात जात नाही, उन्हात राहिला की हिरवं शेवाळ धरतो. वहिनी आत वाळू आणि थोडे खडे टाकून, पाणी घालून अंगणात लोळवते, मस्त घासून निघतो. कंपनीच्या पत्रकात यातलं काही नाही. चौथं, दुपारी आणलेलं पाणी चहाचं आधण ठेवल्यासारखं गरम असतं, पण उन्हाळ्यात हंड्याचंही तेच.

हे झालं वस्तूचं. पण मला खरं लिहायचंय ते विहिरीवर जे झालं त्याबद्दल.

आत्याचं बघून आणखी दोन घरांनी गडगड्या घेतला, पाड्यात तीन झाले. आणि दहा दिवसांत भांडण. कारण नियम होता एका नंबरला एक खेप. हंडेवालीची खेप दोन हंड्यांची, गडगड्यावाल्यांची तीन हंड्यांची. म्हणजे ज्याच्याकडे तीन हजार आहेत तो एका नंबरात जास्त पाणी उपसणार, आणि मागच्या बाईला गाळ. ड्रमने पाणी थोडंच वाढतं, ते फक्त कुणीतरी लवकर नेतं. ह्याचा विचार ना मी केला होता ना कंपनीने. मी त्या दिवशी तिथे होते, एप्रिलचा दुसरा शनिवार होता, आणि खरं सांगते मला तोंड लपवावंसं वाटलं, कारण ती वस्तू मी आणून दिली होती.

मग बायाच बसल्या, विहिरीच्या काठावर, करंजाच्या सावलीत. पुरुष कोण नव्हते, निम्मे द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला गेलेले, उरलेल्यांना यात पडायचं नव्हतं. प्रश्न असा की पाणी घराप्रमाणे वाटायचं की माणसांप्रमाणे. आत्या म्हणाली माणशी द्या, ज्याच्या घरात सहा खाणारी त्याला दोघांएवढं कसं पुरेल. पटण्यासारखं आहे, टँकरचं सरकारी माप पण माणशीच असतं, २० लिटर. तर एक नवी सून, एकच मूल असलेली, बारावी झालेली, ती फटकन म्हणाली, "म्हणजे आम्ही एकावर थांबलो ही चूक झाली का? पाण्यासाठी अजून दोन काढू?" सगळ्या हसल्या. मग हसू थांबलं.

कारण उत्तर सोपं नाहीये. आत्याला सात झाली, चार जगली. ती तेव्हाचा हिशोब सरळ सांगते, एक पाण्याला, एक गुरांमागे, एक तान्ह्याला धरायला, आणि जगतील किती ते माहीत नाही. म्हणजे पाणी लांब म्हणून हात जास्त हवेत, हात जास्त म्हणून पाणी जास्त हवं. ह्या चक्रात तिला कुणी विचारलं होतं का, तर नाही. "विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं," असं म्हणाली.

शेवटी ठरलं ते असं. घरटी एका नंबराला तीन हंडे, भांडं कुठलंही असो. ज्या घरात बाळंतीण किंवा तान्हं आहे त्यांना एक हंडा जास्त आणि नंबर आधी. गुरांचं पाणी ह्या विहिरीतून नाही, खालच्या डोहातून. आणि ज्यांच्याकडे गडगड्या आहे त्यांनी आठवड्यातून एकदा दोन म्हाताऱ्या एकट्या राहतात त्यांची खेप आणून द्यायची. पाऊण तासात झालं हे सगळं. कागद नाही, सही नाही. पावसापर्यंत पाळलं गेलं, एकदाच मोडलं, आणि जिने मोडलं तिच्याशी चार दिवस कुणी बोललं नाही.

जलजीवन म्हणजे घरोघरी नळ द्यायची सरकारी योजना, तिच्या नियमात गावच्या पाणी समितीत निम्म्या बाया असाव्यात असं लिहिलेलं आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीतही बायांना ५० टक्के जागा आहेत. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा एक अभ्यास २००४ साली छापून आला होता, त्यात दिसलं की सरपंचपद बाईसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला. मला यात नवल वाटत नाही. ज्याच्या डोक्यावर हंडा त्यालाच विहीर कुठे खोदायची ते कळतं. ह्या पाड्यावर पण नळाची पाइप आलीये बरं का, तोट्या बसल्यात, उन्हाळ्यात त्यातून हवा येते. नळाला पाणी जिथून यायचं ती उद्भव विहीर खाली ओढ्याच्या काठी जिथे खोदली तिथे झिरा नाही हे वहिनीने खोदतानाच सांगितलं होतं म्हणे. तिचं कोण ऐकतंय.

आता थोडं आडवळण, पण गडगड्याशी त्याचा संबंध आहे.

वहिनीला तिसरं मूल नको होतं. दोन मुली झाल्या, बास, असं तिचं होतं. तरी धाकटा झाला. मुलगा पाहिजे हे एक कारण, ते आहेच, लपवण्यात अर्थ नाही. पण दुसरं कारण मला तिने ह्या खेपेला विहिरीच्या वाटेवर सांगितलं. मूल बंद करायचं ऑपरेशन करून घ्यायचं तर डॉक्टर सांगतात काही दिवस वजन उचलायचं नाही. मग पाणी कोण आणणार? आत्याच्याने होत नाही, पोरगी तेव्हा लहान, दादा द्राक्षाच्या टोळीत. थंडीत जमेल म्हणून ठेवलं, थंडीत भात झोडणी, मग उन्हाळा, आणि तोवर दिवस गेले. एवढंच. लोक म्हणतात अशिक्षित आहेत, समजत नाही त्यांना. तिला सगळं समजत होतं. आशाताईने दिवस राहू नयेत म्हणून तांबी, अंतराचं इंजेक्शन, छायाच्या गोळ्या सगळं सांगितलेलं. इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, एकदा तारखेला गेली तर संपलेलं होतं, पुन्हा यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एक दिवसाचं पाणी.

आणि दादाचं ऑपरेशन? पुरुषांची नसबंदी बिनटाक्याची असते, पंधरा-वीस मिनिटांचं काम, दोन दिवस आराम की हलक्या कामाला मोकळा. फक्त तीन महिने काळजी घ्यायची आणि मग तपासणी करून खात्री. मी हे बोलले तर दादा उठून बैलाला पाणी दाखवायला गेला. बैलाने नुकतंच प्यायलेलं होतं. एकटा दादाच असा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात विवाहित बायांपैकी ३७.९ टक्के ऑपरेशन झालेल्या आणि ज्यांच्या नवऱ्याने केलं अशा फक्त ०.३ टक्के. आणीबाणीत १९७६-७७ ह्या एका वर्षात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, कितीतरी धरून नेऊन. तेव्हापासून पुरुषांनी जी धास्ती घेतली ती घेतली, आणि सगळं बायांवर आलं. सरकारने १९९६ ला कुटुंबनियोजनाची टार्गेट काढून टाकली, त्याच्या आधी १९९४ ला लोकसंख्येवरच्या कैरोच्या परिषदेत जगाने मान्य केलं होतं की आकड्यांच्या मागे लागू नका, बाईचे हक्क, शिक्षण, आरोग्य बघा. कागदावर चांगलं झालं ते. पण वजन उचलू नको म्हणताना पाणी कोण आणणार हा रकाना अजून कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

हे सगळं मी सोसायटीच्या ग्रुपवर थोडक्यात टाकलं होतं, ड्रमसाठी वर्गणी मिळते का बघायला. तर एका काकांचा मेसेज, "ह्या लोकांनी आधी लोकसंख्या कमी करावी, पाणी आपोआप पुरेल." काका चांगले आहेत, गणपतीला भरपूर वर्गणी देतात, पण हिशोब कच्चा. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत सरासरी बाईमागे मुलं १.७, म्हणजे लोकसंख्या आहे तेवढी राहायला २.१ लागतात त्याच्याही खाली. आणि शहरात नळयोजना आखतात ती माणशी रोज १३५ लिटर धरून, खेड्यात जलजीवनचं माप ५५ लिटर, आणि टँकरवर आलं की २०. आत्याच्या सहा माणसांच्या घराला टँकरच्या मापाने दिवसाला १२० लिटर. म्हणजे त्या अख्ख्या घराचं माप मिळून एकट्या काकांच्या मापापेक्षा कमी, आणि काकांची गाडी रोज पाइपने धुतात ते वेगळंच. हे मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी नमस्काराचा हात टाकला, वर्गणी नाही टाकली.

पोरांची संख्या कमी व्हायलाच पाहिजे, त्याला मी नाही म्हणत नाही, कातळावरच्या त्या विहिरीला पण मर्यादा आहे. पण ती कमी होते कशी, ते मोठ्या पोरीकडे बघून कळतं. ती सातवीत आहे. मागच्या उन्हाळ्यात सकाळची शाळा असताना पहिले दोन तास ती कायम चुकवायची, गणित पहिल्याच तासाला, म्हणून गणितात मागे. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायांमध्ये २१.९ टक्के अशा होत्या ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं, त्याच पाहणीतला आकडा. पाड्यावर ते कसं होतं तर कुणी ठरवून करत नाही, पोरगी शाळेत मागे पडते, मग घरीच असते, मग घरी आहे तर स्थळ येतं. यंदा तिने शाळा चुकवली नाही. का, तर गडगड्या. पण ज्या पद्धतीने ते झालं ते मला अपेक्षित नव्हतं.

झालं असं की हंडा डोक्यावर घेणं हे बाईचं काम, पुरुषाने घेतला तर लोक हसतात. पण गडगड्याला दांडा आहे, चाक आहे, म्हणजे ती गाडी झाली, आणि गाडी चालवायला पुरुषाला लाज वाटत नाही. चुलत भाऊबंदांतली दोन दहा-बारा वर्षांची पोरं स्वतःहून ओढायला लागली, शर्यत लावून. मेमध्ये दादा कामावरून परत आला तर सकाळची पहिली खेप तोच करायचा, कानात हेडफोन घालून. तोच दादा ज्याने लग्नाच्या पंधरा वर्षांत एक कळशी उचलली नाही. वहिनी मला हळूच म्हणाली, "हंड्याला चाक आधी का नाही लावलं कुणी?" मला हसावं की रडावं कळेना.

स्टार कापले ते असे: अर्धा वायसरचा, अर्धा ब्रेक नसण्याचा, अर्धा हेल्पलाइनचा. घ्यावा का? वाट मातीची किंवा बऱ्यापैकी पायवाट असेल तर घ्या. पायऱ्या किंवा मोठे दगड असतील तर नका घेऊ, पेठ-सुरगाण्यातल्या काही विहिरींवर बायांना दोर धरून खाली उतरावं लागतं, तिथे ह्याचा काही उपयोग नाही. आणि घेणार असाल तर विहिरीवरच्या बायांना आधी विचारा, नंबर कसा लावणार ते ठरवून मग आणा, माझ्यासारखं उलटं करू नका. पावसाळ्यात तो पागोळीखाली ठेवला तर धुण्याभांड्यापुरतं पाणी मिळतं, हा बोनस.

वहिनीने ऑपरेशनचं डिसेंबरमध्ये ठरवलंय, भात निघाल्यावर. दादा म्हणाला, तेवढे दिवस गडगड्या मी ओढीन. स्वतःच्या ऑपरेशनचं काही बोलला नाही. मी येताना सायकलची एक जुनी ट्यूब घेऊन यावी, एवढा निरोप दिलाय त्याने.